हिरड्यांचा आजार, त्यामागचे जंतू आणि शरीराची प्रतिक्रिया: ठाणे-नवी मुंबईच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

मी हिरड्यांची डॉक्टर आहे आणि ठाण्यात प्रॅक्टिस करते. नौपाडा, कळवा, घोडबंदर, खाडीपलीकडून ऐरोली-घणसोली, असे सगळीकडचे लोक येतात आणि त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला धड विचारता येत नाही, आणि बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असतो. म्हणून ती उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. काही ठिकाणी विज्ञानात जरा खोल शिरले आहे. हा आजार अर्धवट समजला की माणसं टूथपेस्ट बदलत बसतात आणि तोवर आतलं हाड झिजत राहतं.

ब्रश करताना रक्त येतं. अंगात उष्णता वाढली असेल का?

नाही. सब्जा, गुलकंद, कोकम सरबत जरूर घ्या, पण त्यांची वाट पाहत हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नका. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. येत असेल तर बहुतेक वेळा दात आणि हिरडीच्या सांध्यावर जंतूंचा थर साचलेला असतो आणि त्यामुळे हिरडी सुजलेली असते.

जिथे रक्त येतं तिथे ब्रश लावायला लोक घाबरतात. ती जागा सोडून बाकीचे दात घासतात, मग तिथला थर वाढतो आणि रक्तही वाढतं. त्या जागेलाच हलक्या हाताने, पण नीट स्वच्छ करायचं असतं.

याला अपवाद आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात ताप असताना अचानक हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर आधी फिजिशियनकडे जा. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि ती तपासणी थांबवून ठेवण्यासारखी नसते. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अम्लोडिपिनने, काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. ती गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशी बोला.

जिंजिव्हायटिस आणि पायोरिया एकच का?

एक नाहीत. जिंजिव्हायटिसमध्ये फक्त हिरडी सुजते. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड शाबूत असतं, त्यामुळे ती पूर्ण बरी होते. ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात तो पेरिओडॉन्टायटिस. त्यात हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोल कप्पा तयार होतो आणि हाड खाली जातं. निरोगी हिरडीत दात आणि हिरडीमधली खाच एक ते तीन मिलिमीटर असते. चार किंवा जास्त असेल आणि टोचल्यावर रक्त येत असेल, तर आम्ही त्या जागेची वेगळी नोंद करतो.

पहिल्या टप्प्याचा पुरावा फार साध्या प्रयोगातून मिळाला. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. थर साचला की सूज येते आणि थर गेला की सूज जाते, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढच्या टप्प्याला मात्र इतका सरळ हिशेब लागू पडत नाही.

नक्की कोणते जंतू हे करतात?

आधी थराविषयी. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. दातावरचा प्लाक तसाच असतो: जंतूंनी स्वतः तयार केलेल्या चिकट पदार्थात एकमेकांना धरून राहिलेली वस्ती. चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तोंडात जंतूंच्या ७०० हून अधिक प्रजाती सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आपल्याला काही करत नाहीत.

१९९८ मध्ये बॉस्टनच्या फोरसिथ संस्थेत सिग्मंड सॉक्रान्स्की यांच्या गटाने १८५ जणांच्या हिरड्यांखालून घेतलेले १३,२६१ नमुने डीएनएच्या आधारे तपासले. कोणते जंतू कोणासोबत राहतात ते पाहून त्यांनी गट पाडले आणि गटांना रंगांची नावं दिली. खोल आणि रक्ताळलेल्या कप्प्यांशी ज्या गटाचा संबंध सर्वांत घट्ट निघाला तो लाल गट. त्यात तीन जंतू आहेत: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉरसिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. तिघांनाही प्राणवायू नको असतो, म्हणून खोल कप्पा त्यांना मानवतो. त्यांच्याआधी नारिंगी गट येतो. त्यातला फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम लांबट असतो. आधी येऊन बसलेल्या जंतूंना तो एका बाजूने चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांना दुसऱ्या बाजूने धरतो. तो नसेल तर लाल गटाला जागा मिळणं अवघड जातं.

या तिघांतला पॉर्फिरोमोनास समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. याला साखर पचत नाही. तो प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतो आणि त्याला रक्तातला लोहयुक्त हीम लागतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या बशीत त्याच्या वसाहती काळ्या होतात, त्या याच हीममुळे. जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) वापरून तो आपल्या शरीरातली प्रथिनं कापतो. म्हणजे हिरडीतून येणारं रक्त आणि सुजेमुळे तुटणाऱ्या ऊती हेच त्याचं खाणं. सूज जितकी जास्त तितका तो वाढतो, आणि तो वाढला की सूज वाढते. म्हणून "थोडंसंच रक्त येतं, बघू नंतर" हे मला कोणी म्हटलं की मी त्यांना हे सगळं ऐकवते.

बाकी दोघांपैकी टॅनेरेलाला स्वतःची पेशीभित्ती बांधण्यासाठी लागणारा एक घटक बनवता येत नाही. तो त्याला शेजारच्या जंतूंकडून मिळवावा लागतो. ट्रेपोनेमा मळसूत्री आकाराचा असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळत पुढे सरकताना दिसतो. सिफिलिसचा जंतू याच कुळातला, पण दोन्ही आजारांचा काही संबंध नाही. कोणी कुळाचं नाव वाचून घाबरून आलं तर त्यांनी निश्चिंत राहावं.

हे जंतू नवऱ्याकडून बायकोला किंवा आईकडून बाळाला लागतात का?

लाळेतून जाऊ शकतात. एकाच घरातल्या माणसांत अगदी सारखा वाण सापडल्याची उदाहरणं आहेत. पण जंतू तोंडात येणं आणि आजार होणं यांत मोठं अंतर आहे. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. घरात एकाला हा आजार असेल तर बाकीच्यांनी एकदा तपासून घ्यावं, एवढं पुरे. त्याचं खरं कारण घरातले जीन्स आणि सवयी सारख्या असतात हे आहे.

जंतू तर सगळ्यांच्याच तोंडात असतात. मग माझेच दात का हलले? माझा भाऊ तर माझ्याहून कमी घासतो.

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांची लो यांच्या गटाने १९७० पासून १५ वर्षं वेळोवेळी तपासणी केली. या मजुरांना दात घासायची सवय नव्हती आणि दातांचा डॉक्टर मिळत नव्हता. जवळजवळ सगळ्यांच्या दातांवर भरपूर थर होता आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी १९८६ मध्ये निकाल आला तो असा: ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत जिंजिव्हायटिसच्या पुढे गेलाच नाही. सारखी घाण, सारखं काम, सारखं खाणं. पंचेचाळिशीत पहिल्या गटाच्या दातांचा आधार सरासरी १३ मिलिमीटरच्या आसपास सुटला होता आणि शेवटच्या गटाचा एका मिलिमीटरहून कमी.

हा फरक जंतूंच्या संख्येने समजत नाही. तो शरीर त्यांना कसं उत्तर देतं यावर ठरतो.

हिरडीखाली जंतू जमले की रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सर्वांत आधी तिथे पोचतात. निरोगी माणसातही त्या थोड्या प्रमाणात दिवसरात्र तिथे येत असतात, आणि त्यामुळेच आपले दात टिकतात. थर खूप वाढला की त्यांची संख्या वाढते, त्या विकरं सोडतात आणि त्या विकरांनी आपलेच तंतू विरघळतात. सोबत मॅक्रोफेज या दुसऱ्या पांढऱ्या पेशी आणि हिरडीच्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ असे रासायनिक संदेश सोडतात. यातून आणखी पेशी बोलावल्या जातात. पुढे टी आणि बी या आणखी दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी जमतात, आणि त्यांच्यामुळे गोष्ट हाडापर्यंत पोचते.

हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, रँकल नावाच्या प्रथिनाने जाग्या होतात. रँकलला अडवणारं दुसरं प्रथिन शरीरातच असतं, ते ऑस्टिओप्रोटेजेरिन. सूज जुनी झाली की रँकल वाढतं, अडवणारं कमी पडतं आणि हाड मागे सरकतं. जंतू स्वतः हाड कुरतडत नाहीत. ते काम आपल्याच पेशी करतात.

पॉर्फिरोमोनास यात किती धूर्तपणे वागतो ते २०११ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून दिसलं. अगदी थोड्या संख्येने सोडला तरी त्याने उंदरांच्या तोंडातल्या बाकीच्या, एरवी निरुपद्रवी जंतूंचा समतोल बिघडवला आणि हाड गेलं. मात्र ज्या उंदरांच्या शरीरात दुसरे कोणतेच जंतू नव्हते, त्यांच्यात तो एकटा हाड घालवू शकला नाही. आपल्या संरक्षणातली कॉम्प्लिमेंट ही यंत्रणा तो अशी वळवतो की पांढऱ्या पेशी जंतूंना मारत नाहीत, पण सूज चालू राहते. त्याच्यासाठी सूज म्हणजे अन्नपुरवठा, हे वर आलंच आहे.

याची उलट बाजूही पाहा. काही मुलांमध्ये जन्मतः असा दोष असतो की न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीत शिरूच शकत नाहीत. अशा मुलांचे दात लहान वयात पडतात. वर्षानुवर्षं समजूत होती की संरक्षण नाही म्हणून जंतू मोकाट सुटले. २०१४ मध्ये दिसलं की न्यूट्रोफिल न पोचल्यामुळे इंटरल्यूकिन-१७ चा संदेश बेफाम वाढतो आणि हाड त्यामुळे जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशा एका रुग्णाला या साखळीला अडवणारं उस्टेकिनुमॅब हे औषध दिल्यावर हिरड्यांची सूज उतरली, आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रतिकार कमी पडला तरी हाड जातं आणि जास्त झाला तरी जातं. "माझी इम्युनिटी वाढवायची गोळी द्या" असं कोणी मागितलं की मी नाही म्हणते, ते यासाठीच.

मग ही प्रतिक्रिया मोजता येते का? रक्तात काही दिसतं का?

मोजता येते, पण रक्तापेक्षा हिरडीत नीट दिसते. दात आणि हिरडीच्या खाचेत सतत एक द्रव झिरपत असतो. सूज आली की तो वाढतो. कागदाची बारीक पट्टी काही सेकंद खाचेत धरली की तो मिळतो आणि त्यात वर सांगितलेले बरेचसे पदार्थ सापडतात. इंटरल्यूकिन-१ बीटा आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ सुजलेल्या जागी वाढलेले असतात. रँकल आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन यांचं गुणोत्तरही आजारात रँकलच्या बाजूला झुकतं.

आजवर सर्वांत उपयोगी ठरलेला निर्देशक मात्र एमएमपी-८. हे न्यूट्रोफिलमध्ये साठवलेलं, कोलॅजेन (तंतूंमधलं प्रथिन) कापणारं विकर आहे. ते निष्क्रिय स्वरूपात बाहेर पडतं आणि ट्रेपोनेमासारख्या जंतूंची विकरं त्याला सक्रिय करायला मदत करतात. म्हणजे जंतू आणि शरीर दोघांच्या खुणा एकाच आकड्यात येतात, आणि म्हणून मला हा निर्देशक आवडतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी सक्रिय एमएमपी-८ साठी गुळणीच्या पाण्यावर खुर्चीतच होणारी चाचणी तयार केली. घरगुती गरोदरपणाच्या चाचणीसारख्या पट्टीवर काही मिनिटांत उत्तर येतं आणि मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला तर ती सकारात्मक धरतात.

रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, हिरड्यांच्या मोठ्या आजारात थोडा वाढलेला असू शकतो. पण सर्दी-खोकल्यातही तो वाढतो, त्यामुळे त्यावरून हिरड्यांचं निदान होत नाही.

ही चाचणी मी करून घेऊ का? जंतूंची डीएनए टेस्टही मिळते म्हणे.

बहुतेकांना गरज नाही. बोथट टोकाच्या, मिलिमीटरच्या खुणा असलेल्या प्रोबने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजणं आणि एक्स-रे पाहणं, यातून उपचार ठरतो. टोचल्यावर रक्त न येणारी जागा सहसा स्थिर राहते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. लाळेतली किंवा जंतूंची चाचणी उपचाराला अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद न देणाऱ्या थोड्या रुग्णांत उपयोगी पडू शकते. प्रोब न लावता कोणी थेट महागडी चाचणी सांगत असेल, तर आधी मोजून द्यायला सांगा.

रिपोर्टवर स्टेज ३, ग्रेड सी लिहिलंय. हा कॅन्सर आहे का?

नाही, अजिबात नाही. हा शब्द वाचून रात्रभर झोप न लागलेले लोक येतात. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे हिरड्यांच्या आजाराचं वर्गीकरण आहे.

स्टेज म्हणजे आजवर किती नुकसान झालं. आधार एक-दोन मिलिमीटर सुटला असेल तर स्टेज १, तीन-चार असेल तर २, पाच किंवा जास्त असेल तर ३ किंवा ४. ग्रेड म्हणजे आजार किती वेगाने पुढे जातोय, आणि तो ए, बी, सी असा वाढत जातो. तो ठरवताना वय आणि हाडाची झीज यांची तुलना करतात. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा डायबेटीस असून एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ किंवा त्यावर, यांपैकी काही असेल तर ग्रेड सी मध्ये जातो. चाळिशीच्या माणसाची स्टेज ३ आणि सत्तरीच्या आजींची स्टेज ३ यांत मला पहिल्याची जास्त काळजी वाटते.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. दातांवर किटण नाही, तरी पुढचे दात आणि पहिल्या दाढा हलतात.

लगेच दाखवा. कमी वयात, थर फारसा नसताना, नेमक्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात धरणारा हा वेगळा प्रकार आहे. यात अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसीटेमकोमिटान्स हा जंतू पुष्कळदा सापडतो. तो ल्युकोटॉक्सिन नावाचं विष सोडतो आणि ते पांढऱ्या पेशींनाच मारतं. त्याचा एक वाण हे विष फार मोठ्या प्रमाणात बनवतो. मोरोक्कोतल्या किशोरवयीन मुलांच्या २००८ मधल्या अभ्यासात, तो वाण तोंडात असणाऱ्यांना आजार होण्याचा धोका बराच जास्त दिसला. लवकर पकडलं तर हे दात वाचतात. भावंडांनाही सोबत आणा.

डायबेटीस आहे. साखर आणि हिरड्या यांचा संबंध खरंच आहे का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर जास्त राहिली की न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत, सुजेचे संदेश लांबतात, रँकलचा तोल बिघडतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट, हिरड्यांतली जुनी सूज रक्तात संदेश सोडत राहते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करते.

कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरलेलं होतं. हा आकडा लहान वाटेल, पण साखरेच्या नव्या गोळीकडूनही काही वेळा एवढ्याच्याच आसपास अपेक्षा असते. म्हणून साखरेच्या डॉक्टरांकडे जाताना डोळे आणि पाय दाखवता तशा हिरड्याही दाखवा. आणि आमच्याकडे येताना ताजा एचबीए१सीचा रिपोर्ट आणा.

मी सिगारेट ओढतो, पण माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही. म्हणजे मी ठीक ना?

याची खात्री धरू नका. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद बदलतो आणि रक्त कमी येतं. वरून गुलाबी, घट्ट दिसणाऱ्या हिरडीखाली सात-आठ मिलिमीटरचे कप्पे निघतात. सिगारेट सोडली की काही आठवड्यांत थोडं रक्त दिसू लागू शकतं. ते हिरडी पुन्हा शुद्धीवर आल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरून परत सुरू करू नका.

मिश्रीबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. साताऱ्या-सांगलीहून आणि कोकणातून येऊन कोपरखैरणे, घणसोली, कळव्यात राहणाऱ्या अनेक घरांतल्या काकू-मावशी सकाळी मिश्री लावतात. कित्येकींना ती सासरी आल्यावर लागली आणि ती दात घासण्याचीच वस्तू आहे असं त्या प्रामाणिकपणे मानतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरडी जिथे घासली जाते तिथे खाली उतरते, मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. या बायकांना रागावून काही उपयोग होत नाही. सुनेने किंवा मुलीने शेजारी बसून, रोज थोडी कमी करत, सोबत ब्रशची सवय लावली तर सुटते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणारे पेशंट मला दिसतात. त्यांच्यात तोंड कमी उघडायला लागलं असेल तर हिरड्यांच्या आधी तोंड का कमी उघडतं याची तपासणी.

गरोदर असताना हिरड्या सुजल्या. बाळंतपणानंतर बघू का?

थांबू नका. संप्रेरकांमुळे हिरडी थराला जास्त जोरात प्रतिसाद देते. स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढणं, गरोदरपणात करता येतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बसायला सोपं जातं. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार सुरक्षित ठरले, पण वेळेआधी होणारी प्रसूती त्यामुळे टळते असं दिसलं नाही. म्हणजे हिरड्या बऱ्या होतात, त्यासाठी उपचार घ्या. बाळासाठी म्हणून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

हृदय, संधिवात, विसरभोळेपणा, सगळ्याचं मूळ हिरड्यांत आहे असं वाचलं.

असं सरसकट म्हणता येत नाही. लंडनमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात, हिरड्यांच्या सखोल उपचारानंतर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम थोडं बिघडलं आणि सहा महिन्यांनी ते आधीपेक्षा सुधारलेलं होतं. पण त्यामुळे हार्ट अ‍ॅटॅक कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. संधिवाताबाबत, पॉर्फिरोमोनास प्रथिनांत असा बदल करतो की शरीर त्यांना परकं समजू शकतं, आणि हा धागा शास्त्रज्ञ गांभीर्याने तपासत आहेत. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पॉर्फिरोमोनासची जिंजिपेन विकरं सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हा मोठी चर्चा झाली. जिंजिपेनला अडवणाऱ्या औषधाची चाचणी मात्र २०२१ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. दात टिकणं, चावता येणं, तोंडाला वास न येणं ही उपचारासाठी पुरेशी कारणं आहेत.

इथल्या पाण्यामुळे किटण चढतं का?

नाही. भातसाचं पाणी प्या किंवा मोरबे धरणाचं, किटणातला कॅल्शियम आणि फॉस्फेट तुमच्या लाळेतून येतो. मऊ थर काही दिवस तसाच राहिला की कडक होऊ लागतो.

स्केलिंग केलं की दात सैल होतात ना?

या गैरसमजाने ठाण्यात जितके दात घालवले तितके बहुधा कशानेच नसतील. दात आधीच आधार सुटल्यामुळे सैल झालेले असतात, आणि किटण त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवतं. ते काढल्यावर खरी स्थिती कळते. सूज उतरते म्हणून फटी दिसतात आणि उघडी मुळं थोडे दिवस थंड पाण्याने शिवशिवतात. मशीन कंपनांनी किटण फोडतं. ते दाताला घासून पातळ करत नाही.

मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन भागेल का?

थर तसाच ठेवून घेतलेल्या गोळीने भागत नाही. चिकट पदार्थातल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही, दोन दिवस बरं वाटतं आणि कप्पा तसाच राहतो. काही निवडक रुग्णांत, विशेषतः तरुण वयात पसरलेल्या मोठ्या आजारात, सखोल स्वच्छतेसोबत अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळा.

क्लोरहेक्सिडिनची ०.२ टक्क्यांची गुळणी थोडे दिवस ठीक. दोन आठवड्यांपुढे ती वापरली की दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव बदलते. मीठ-कोमट पाण्याने आराम पडतो. लवंग तेल ठणक तात्पुरती कमी करतं. दोन्हींनी थर निघत नाही.

घरी नेमकं काय करायचं?

मऊ ब्रश, केस हिरडीकडे तिरपे धरून, जागच्या जागी बारीक हालचाल. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. सकाळी लोकल पकडायची घाई असेल तर रात्रीचं घासणं तरी अजिबात चुकवू नका. पण ब्रश दातांच्या मधल्या फटीत पोचत नाही आणि हा आजार बहुधा तिथेच सुरू होतो. हिरडी थोडी उतरलेली असेल तर फटीत घालायचा छोटा ब्रश फ्लॉसपेक्षा चांगला. त्याचा योग्य आकार डॉक्टरांकडून निवडून घ्या, एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात. टूथपेस्ट कुठली याला मी फार महत्त्व देत नाही, फ्लोराइड असावं एवढंच.

खर्च झेपत नाही. कुठे दाखवू?

नेरूळ, खारघर, कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगी क्लिनिकपेक्षा सहसा बराच कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो, सकाळी लवकर जा. काम चांगलं होतं, हे मी त्यांच्याकडे उपचार झालेले पेशंट पाहून सांगते.

गेलेलं हाड परत येतं का? आणि किती वेळा यावं लागेल?

सगळीकडे सारखं खाली गेलेलं हाड सहसा परत वर येत नाही. पण एका बाजूला खोल, अरुंद खड्डा पडलेला असेल तर शस्त्रक्रियेने तिथे काही प्रमाणात हाड आणि तंतू पुन्हा तयार करता येतात. त्याआधी हिरडीखालची स्वच्छता करावी लागते. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजतो. कप्पे चार मिलिमीटर किंवा कमी असतील आणि रक्त येत नसेल तर शस्त्रक्रिया लागतच नाही. बऱ्याच जणांचं इथेच भागतं.

त्यानंतरचा भाग लोक सोडून देतात आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. खोल कप्प्यांतले जंतू काही आठवडे ते महिन्यांत परत जमू लागतात. म्हणून सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी बोलावतो, सगळं स्थिर राहिलं तर अंतर वाढवतो. दात काढून इम्प्लांट बसवलं तरी हेच लागू आहे, त्याच्याभोवतीही हाड जातं, आणि ज्यांना आधी पायोरिया होता त्यांच्यात जास्त.

येताना जुने एक्स-रे असतील तर शोधून आणा, कितीही जुने असोत. तेव्हाचं आणि आजचं हाड शेजारी ठेवून पाहिलं की आजार कोणत्या वेगाने चाललाय हे एका आकड्याने सांगता येतं, आणि पुढची तारीख किती लांब द्यायची ते त्यावरून ठरतं.